नजर कधी द्यावी, कधी काढून घ्यावी

मुलाखतीला निघालेल्या पोराला घरातले सगळे एकच बजावतात, "डोळ्याला डोळा देऊन बोल." पोरगं ते इतकं मनावर घेतं की साहेबांवर नजर रोखून बसतं, पापणीही हलवत नाही, आणि अवघडतात ते साहेब. तेच पोरगं घरी आजोबांसमोर मान वर करत नाही, आणि बाजारात सुटे पैसे घेताना दुकानदाराकडं बघतही नाही. त्यात त्याची चूक नाही. त्याला 'बघ' एवढंच सांगितलेलं असतं, कधी बघायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.

किती वेळ बघितलं यापेक्षा वाक्याच्या कुठल्या जागी बघितलं, यावर बोलणं जमतं किंवा फिसकटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या पट्ट्यात तर याला जास्तच महत्त्व आहे. इथं माणूस सकाळी घरात मराठी, दुपारी कचेरीत कन्नड आणि संध्याकाळी खडेबाजारात हिंदीमिश्रित काहीतरी बोलतो. शब्द अडला की पुढचं काम नजर करते. म्हणून ही रीत नीट शिकून घ्यावी. ती अवघड नाही.

वाक्यात नजर कुठं ठेवायची

अ‍ॅडम केंडन या संशोधकानं १९६७ साली, दोघांच्या गप्पांचं चित्रण बारकाईनं तपासून एक गोष्ट दाखवली. लांब बोलायला सुरुवात करताना माणूस ऐकणाऱ्यावरून नजर काढतो आणि बोलणं संपत आलं की पुन्हा त्याच्याकडं बघतो. ते बघणं म्हणजे 'माझं झालं, आता तुम्ही बोला' अशी खूण. ऐकणारा मात्र बोलणाऱ्यापेक्षा जास्त वेळ बघत असतो. मायकेल अर्गाइल यांनी इंग्लंडमध्ये घेतलेल्या मोजमापात, ऐकताना साधारण ७५ टक्के वेळ आणि बोलताना साधारण ४० टक्के वेळ नजर समोरच्यावर होती. हे आकडे तिकडचे. आपल्याकडं वय, नातं, बाई-पुरुष यांनुसार ते कमी-जास्त होतील. पण ऐकताना जास्त, बोलताना कमी, आणि वाक्याच्या शेवटी पुन्हा समोर, हा क्रम आपल्या कट्ट्यावर बसून बघितला तरी दिसेल.

एक साधं वाक्य घेऊ : "मामा, परवा खानापूरला जायचंय, रेल्वेनं जाऊ की बसनं?"

"मामा" म्हणताना मामांकडं बघा आणि त्यांची नजर वर येईपर्यंत थांबा. अर्धा-एक सेकंद पुरतो. "परवा खानापूरला जायचंय" म्हणताना नजर सैल सोडा, ती अंगणात गेली तरी चालेल. "रेल्वेनं जाऊ की" इथं नजर परत फिरू द्या. "बसनं?" या शब्दावर ती पुन्हा मामांच्या तोंडावर आलेली हवी, आणि मामा बोलायला लागेपर्यंत तिथंच राहायला हवी.

आता हेच वाक्य मोबाईलकडं बघत संपवा. मामांना कळत नाही की प्रश्न आपल्याला आहे की पोरगं स्वतःशीच पुटपुटतंय. मग ते "आँ?" म्हणतात, किंवा गप्प राहतात, किंवा दोघं एकदम बोलायला लागतात. 'घरात माझं कुणी ऐकत नाही' या तक्रारीमागं कितीतरी वेळा वाक्याची शेवटची नजरच गायब असते.

याच्या उलट तक्रार म्हणजे 'मला मधेच तोडतात'. अशी माणसं बहुतेक वेळा विचार करायला थांबतात तेव्हा समोरच्याकडंच बघत थांबतात. समोरच्याला वाटतं, आपली पाळी आली. उपाय सोपा आहे. मधे थांबायचं असेल तर नजर बाजूला ठेवूनच थांबा, वाटल्यास हाताचा पंजा किंचित वर धरा. बोलणं पूर्ण झाल्यावरच समोर बघा.

नजर काढायची ती सावकाश, बाजूला किंवा थोडी खाली. झटकन काढली की चोरल्यासारखी दिसते. घड्याळाकडं, दाराकडं किंवा मोबाईलकडं गेली तर 'आता निघायचंय' असा अर्थ होतो, मग मनात तसं असो वा नसो. माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग इतर माकड-वानरांच्या मानानं खूपच उघडा आणि ठळक असतो. त्यामुळं आपली नजर कुठं वळली हे समोरच्याला लगेच कळतं. चोरून घड्याळ बघणं जमत नाही ते याचमुळं. वेळ बघायचीच असेल तर उघड बघा आणि सांगा, "पाचची बस आहे, दहा मिनिटं आहेत अजून."

तीन सेकंद

सलग किती वेळ बघावं? लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आलेल्या जवळपास ५०० लोकांना पडद्यावरचा चेहरा दाखवून, तो आपल्याकडं किती वेळ बघत राहिला तर बरं वाटतं हे विचारलं होतं. २०१६ साली छापलेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली ३.३ सेकंद. मनात सावकाश 'विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल' म्हणायला लागतो तेवढा वेळ. त्याच्या दुप्पट झालं की बहुतेकांना ती नजर रोखलेली वाटते. हा अंदाज घरी एकदा घेऊन ठेवा आणि विसरून जा. बोलताना मोजायला लागलात तर लक्ष मोजण्याकडं जातं, समोरचा काय म्हणतोय ते निसटतं, आणि ते तोंडावर दिसतं.

डोळ्यांतच बघायला ज्यांना जड जातं त्यांनी दोन भुवयांच्या मधे, नाकाच्या बुंध्यावर किंवा ओठांवर बघावं. नेहमीच्या बोलण्याच्या अंतरावर, म्हणजे मीटरभरावर, आपण डोळ्यांत बघतोय की तोंडावर हे समोरच्याला ओळखता येत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना आढळलं आहे. त्याला आपण त्याच्याकडं बघतोय एवढंच जाणवतं. लाजाळू माणसासाठी याहून उपयोगी गोष्ट नाही, म्हणून ठासून सांगतो : चेहरा पुरतो, बुबुळं शोधायची गरज नाही. एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नजर नाचवण्याचीही नाही.

अंतरही बघावं लागतं. माणसं जितकी जवळ येतात तितकी नजर कमी देतात, असं अर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी १९६५ साली मांडलं. दाटीच्या बसमध्ये वीतभर अंतरावर उभी असलेली माणसं खिडकीबाहेर बघतात ती शिष्ट म्हणून नव्हे. अंगाला अंग लागत असताना नजरही दिली तर जवळीक सहन होण्यापलीकडं जाते. म्हणून जवळ बसून बोलायचं असेल तर समोरासमोर न बसता काटकोनात बसा, टेबलाच्या कोपऱ्याच्या दोन बाजूंना. नजर हवी तेव्हा देता येते, नको तेव्हा सहज सुटते.

आणि ऊन. रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येत असेल तर तो डोळे बारीक करतो, कपाळाला आठ्या पडतात, आणि तुम्हाला वाटतं हा नाराज आहे. दोन पावलं फिरून असे उभे राहा की ऊन दोघांच्याही कुशीवर येईल. गॉगल काढा. हेल्मेटची काच वर करा, किंवा हेल्मेटच काढा. गाडी बंद न करता, काळ्या काचेआडून वडीलधाऱ्याला "काय आण्णा, बरं हाय काय?" म्हणणं फार वाईट दिसतं.

वडीलधाऱ्यांसमोर

मोठ्यांपुढं मान खाली असणं हा आपल्याकडं आदर आहे, आणि तो सोडा असं सांगणारे सल्ले इथं चालत नाहीत. फक्त एक जागा सांभाळायची. मोठं माणूस रागावत असेल तर खाली बघून ऐका. "कळलं का?" असा प्रश्न आला की एकदा वर बघा, "होय" म्हणा, पुन्हा नजर खाली. ही एक नजर दिली नाही तर त्यांना आपलं बोलणं पोचल्याचा पुरावाच मिळत नाही. मग तेच पुन्हा सांगितलं जातं, आवाज चढतो, आणि पोरगं आणखी खाली बघतं.

पाया पडताना तीन टप्पे असतात आणि लग्नाच्या मांडवात तिसरा हमखास राहतो. आधी चेहऱ्याकडं बघायचं, "आज्जी, पाया पडतो." वाकताना नजर पायांकडं. उठल्यावर पुन्हा एकदा आज्जींच्या तोंडाकडं बघून क्षणभर थांबायचं, कारण आशीर्वाद त्याच क्षणी येतो. रांगेत घाईनं उठतानाच पोरं पुढच्या काकांकडं वळतात, आणि आज्जींचं "सुखी राहा बाळा" कुणाच्याच कानावर पडत नाही.

काही घरांत सून अजूनही सासऱ्यांशी, मोठ्या दिरांशी पदर सावरून, नजर न देता बोलते. ती रीत बरी की वाईट याचा निकाल पाहुण्यानं चहा पिताना लावू नये. तिच्या नजरेचं माप तिनं ठरवावं. कप घेताना एकदा बघून "घेतो वैनी" म्हणा आणि पुढचं बोलणं सगळ्यांशी मिळून बोला. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिच्याकडूनच ऐका. उत्तर नवऱ्यानं दिलं तरी नजर एकदा तिच्याकडं वळू द्या, तिला आणखी काही सांगायचं असेल तर ती सांगते.

बाळंतिणीला भेटायला गेलात तर बाळाकडं टक लावून कौतुक करत बसू नका. तीट लावणाऱ्या घरात दृष्टीची भीती असते, आणि आजीनं बाळाचं तोंड झाकलं की तुम्हालाही वाईट वाटतं. बाळाला डोळाभर बघून घ्या, मग नजर आणि चौकशी दोन्ही आईकडं वळवा. बाळ बघायला आलेले निम्मे लोक आईकडं बघतच नाहीत.

शिक्षकांसाठी एक विनंती. फळ्यावरचा प्रश्न विचारला की मूल छताकडं बघतं, आणि आपण म्हणतो, "वर काय बघतोस, तिथं लिहिलंय?" समोरचा चेहरा वाचायलाही मेंदूला काम पडतं. ते काम थांबवून मूल उत्तर शोधत असतं. स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर बाजूला न्यायला शिकवलं, तर अवघड प्रश्नांची उत्तरं त्यांनी जास्त चांगली दिली. प्रश्न विचारून झाला की तुम्हीच पुस्तकात बघा, मनात पाच अंक मोजा, मग वर बघा. मुलानं नजर परत तुमच्याकडं वळवली म्हणजे उत्तर तयार झालं, किंवा मदत हवी आहे.

बाजार आणि बस

भाजीवालीसमोर उभं राहून आधी तिच्याकडं बघितलं की ती "या काकू, काय देऊ?" म्हणते, आणि न घेता निघणं अवघड होतं. फक्त दर बघायचे असतील तर नजर वांग्यांवर ठेवा. घ्यायचं असेल तर आधी माल बघा, मग तिच्याकडं बघून भाव विचारा. घासाघीस करताना आपला आकडा सांगा, एकदा तिच्याकडं बघा आणि नजर परत मालावर ठेवून गप्प राहा. आकडा सांगून तिच्यावर नजर रोखून धरली तर ते आव्हान वाटतं, आणि बाजारात दहा जणांदेखत माघार घेणं तिला जमत नाही. पैसे देताना, सुटे घेताना एकदा तोंडाकडं बघा. कष्टाच्या माणसाला तेवढा मान मिळालाच पाहिजे.

जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी साध्या बसमधून बायकांना मोफत प्रवास आहे, आणि गर्दीत कंडक्टर नजरेवरच पुढं सरकत असतो. तो जवळ आला की आधारकार्ड हातात ठेवून त्याच्याकडं बघा, त्याची नजर आली की गाव सांगा. पाठीकडून "संकेश्वर, संकेश्वर" ओरडत राहिलात तर ते गोंगाटात जातं.

अनोळखी माणसाकडं एकदा ओझरतं बघावं आणि नजर काढून घ्यावी. आहे हे पाहिलं, तुमच्या वाटेला जात नाही, एवढा त्याचा अर्थ. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली शहरी वागण्यावर लिहिताना याच सभ्यतेकडं लक्ष वेधलं. पुरुषांनी हे नीट पाळायला हवं. बाईवरून नजर एकदा गेली की ती पुन्हा तिथं न्यायची नाही. ती आपल्या भाषेतली आहे, आपल्या ओळखीची वाटली, साडी चांगली होती, यातलं काहीच कारण होत नाही. कुणी टक लावून बघत असेल तर बाईनं हसू नये, नजर चोरून आकसू नये. एकदा थेट बघून मोठ्यानं "काय पाहिजे?" विचारावं, म्हणजे आजूबाजूचे बघतात, आणि जागा बदलून कंडक्टरला सांगावं. त्रास वाढला तर ११२.

दोन भाषांमध्ये

नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कचेरीत, जात-उत्पन्नाचा दाखला किंवा जमिनीचा उतारा काढायला गेलेला मराठी माणूस अनेकदा पुतण्याला सोबत नेतो, कारण पुतण्याचं कन्नड चांगलं असतं. आणि मग काका पुतण्याकडं बघत मराठीत बोलतात, पुतण्या साहेबांकडं बघत कन्नडमध्ये सांगतो, साहेब पुतण्याला उत्तर देतात. पाच मिनिटांत काका आपल्याच कामातून बाहेर पडलेले असतात. असं करू नका. बोलताना साहेबांकडं बघा, जरी ते मराठी समजत नसले तरी. तुमचं वाक्य त्यांच्याकडं बघत संपवा, मग पुतण्या सांगेल. साहेब कन्नडमध्ये बोलत असतानाही त्यांच्याकडंच बघा. अर्थ सांगायला पुतण्या तोंड उघडेल तेव्हा एकदा त्याच्याकडं, आणि परत साहेबांकडं. त्यामुळं उत्तर तुम्हाला मिळतं. शिवाय साहेबांचा चेहरा बघून काम होणार की अडणार हे आधीच कळतं.

खिडकीशी पोचल्यावर ते संगणकात बघत असतील तर बोलायला सुरुवात करू नका. "नमस्कार सर" म्हणून नजर वर येईपर्यंत थांबा. पडद्याकडं बघणाऱ्याला सांगितलेलं अर्धं पुन्हा सांगावं लागतं. कागद त्यांना सुलटा वाचता येईल असा फिरवून ठेवा, ज्या ओळीबद्दल विचारायचंय तिच्यावर बोट ठेवा, दोघंही कागदाकडं बघा, आणि प्रश्नाच्या शेवटी नजर वर घ्या. ज्याचं कन्नड कच्चं आहे त्याला कागदाचा मोठा आधार असतो : मधली वाक्यं बोटानं होतात, फक्त सुरुवात आणि शेवट नजरेनं करावा लागतो.

समोरचा भरभर बोलला आणि कळलं नाही तर खाली बघून गप्प राहणं ही सगळ्यात वाईट वाट. त्याला ते हट्ट किंवा राग वाटतो, आणि या भागात भाषेवरून गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. तोंडाकडं बघून म्हणा, "स्वल्प निधान हेळ्री." जरा सावकाश सांगा, एवढंच. तीन शब्द आणि एक नजर, बहुतेक वेळा समोरचा लगेच नरमतो, निम्म्या वेळा मराठीतच बोलायला लागतो.

दुसऱ्या भाषेत बोलताना शब्द शोधावे लागतात आणि शोधताना नजर सुटते. हे स्वाभाविक आहे. समोरचा कन्नड भाषक मराठीत सांगायचा प्रयत्न करत छताकडं बघत असेल तर त्याला शब्द पुरवू नका. तो नजर तुमच्याकडं वळवेल तेव्हा पुरवा. त्याआधी पुरवलेला शब्द त्याला आपल्या चुकीवर बोट ठेवल्यासारखा लागतो. तसंच चौघा मित्रांत एकालाच मराठी कमी कळत असेल तर विनोद संपताना नजर त्याच्याकडं जाऊ द्या. तो हसण्याआधी इतरांकडं बघत असेल तर त्याला कळलेला नाही. लगेच दोन शब्द कन्नडमध्ये सांगा. नाहीतर थोड्या वेळानं तो मोबाईल काढतो, आणि आपण म्हणतो, "हा गप्पच असतो."

मुलाखतीत

उद्यमबागेतल्या कारखान्यात असो की पुण्याच्या कंपनीत, समोर बहुधा दोघं-तिघं असतात. आत गेल्यावर प्रत्येकाकडं एकेकदा बघून मग बसा. उत्तराची सुरुवात ज्यानं विचारलं त्याच्याकडं बघून करा, मधलं एक-एक पूर्ण वाक्य बाकीच्यांकडं बघून बोला, शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडं. अर्ध्या वाक्यात चेहरा बदलू नका, पंखा फिरल्यासारखं दिसतं. आकडा किंवा पगाराची अपेक्षा सांगताना नजर खाली गेली तर आकडा कमी करायला जागा आहे असं समोरच्याला वाटतं, म्हणून तो एक शब्द वर बघून बोला. जो गप्प बसून टिपणं काढतोय त्याला विसरू नका, पुष्कळदा निर्णय त्याचाच असतो.

सैन्यभरतीची तयारी केलेल्या पोरांना इथं वेगळी अडचण येते. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं भरतीचं वातावरण घराघरांत आहे, आणि कवायतीत 'सावधान'मध्ये नजर सरळ पुढं ठेवायला शिकवतात, कुणाच्या डोळ्यांत बघायला नाही. ती शिस्त मैदानावरची. खुर्चीत बसून बोलताना तीच ठेवली तर माणूस भिंतीशी बोलतोय असं वाटतं.

वाटणी, बांध आणि खरं-खोटं

भाऊबंदकीत समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून बोलल्यानं प्रश्न सुटतो, हा समज घातक आहे. फ्रान्सिस चेन यांनी २०१३ साली जर्मनीत केलेल्या अभ्यासात, ज्यांचं मत आधीच वेगळं होतं त्यांनी बोलणाऱ्याच्या डोळ्यांत जितकं जास्त बघितलं तितकं त्यांना पटणं कठीण गेलं. विरोधाच्या प्रसंगात रोखलेली नजर दमदाटीची होते. बांधाचं बोलणं बांधावर, शेजारी शेजारी उभं राहून, दोघांचं तोंड शेताकडं करून करा. नकाशा असेल तर तो मधे ठेवून एकाच बाजूला बसा. एकमेकांकडं बघायचं ते फक्त ठरलं तेव्हा, "मग हे पक्कं?" म्हणताना. तिथं नजर हवीच.

तरुण मुलाशी अवघड विषय काढायचा असेल तेव्हाही हेच. मोटरसायकलवर, शेंगा फोडताना, गच्चीवर शेजारी बसून मुलं जे बोलतात ते समोर बसवून विचारल्यावर बोलत नाहीत.

आणि नजर चुकवली म्हणजे खोटं बोलतोय, हे डोक्यातून काढून टाका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ५८ देशांत लोकांना विचारून केलेल्या अभ्यासात खोटारड्याची हीच खूण सगळ्यात जास्त सांगितली गेली. पण २००३ साली बेला डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी आधीचे शंभरावर अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नजर चुकवण्याचा आणि खोट्याचा म्हणण्यासारखा संबंध निघाला नव्हता. सराईत माणूस उलट मुद्दाम बघून बोलतो. घाबरलेलं, लाजलेलं, दुसऱ्या भाषेत अडखळणारं खरं माणूस खाली बघतं, आणि त्याच्यावर आळ येतो. हा अन्याय शाळेत, घरात, चौकशीच्या खोलीत रोज होतो. खरं-खोटं तपासायचं तर तपशील विचारा, डोळे नका तपासू.

ज्यांचे नियम वेगळे

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना आणि मोठ्यांनाही डोळ्यांत बघणं नकोसं, कधी त्रासदायक असतं. "माझ्याकडं बघ, मग देतो" अशी अट घालू नका. ते बाजूला बघूनच चांगलं ऐकत असतात. बाळाबद्दल शंका असेल तर नुसत्या नजरेवरून ठरवू नका. नजर देत नाही, आणि नावानं हाक मारली तर वळत नाही, दीड वर्षाचं होत आलं तरी बोट दाखवत नाही, बोलणं लांबलंय, अशा गोष्टी एकत्र दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. 'मुलगा उशिराच बोलतो' म्हणून थांबू नका. जन्मल्यावर दोन ते पाच दिवसांची बाळंसुद्धा थेट बघणाऱ्या चेहऱ्याकडं जास्त वेळ बघतात, आणि त्यांना वीस-तीस सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. दूध पाजताना आईचं तोंड असतं तेवढ्याच अंतरावर. त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवा.

तिरळ्या डोळ्यांच्या माणसाशी बोलताना कुठल्या डोळ्याकडं बघावं असा गोंधळ झाला तर नाकाच्या बुंध्यावर बघा, तो गोंधळ त्याला दिसू देऊ नका. अंध माणसाला आपण बघतोय हे कळत नाही म्हणून आधी त्याचं नाव घ्या, मग आपलं सांगा, आणि निघताना 'निघालो' म्हणून निघा. कर्णबधिर माणसाशी बोलताना मात्र नजर काढणं म्हणजे पाठ फिरवणं. ऊन किंवा दिवा तुमच्या तोंडावर यायला हवा, तोंडात पान-तंबाखू नको, ओठांवर हात नको.

व्हिडिओ कॉलवर डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा येईल असा मोबाईल डब्याला टेकवून हातभर लांब ठेवा. ऐकताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडं बघा, पण महत्त्वाचं वाक्य संपवताना कॅमेऱ्याकडं. आजीला नातवानं आपल्याकडं बघितलं असं वाटतं ते तेवढ्यानंच.

सराव कसा करावा

आरशासमोर करू नका, आरशातला माणूस आपली पाळी कधी घेत नाही. पहिला आठवडा फक्त सुटे पैसे घेताना : दुकानदार, कंडक्टर, रिक्षावाला, जो असेल त्याच्या तोंडाकडं एकदा बघून "बरं" म्हणायचं. एवढंच. दुसऱ्या आठवड्यात घरात, प्रत्येक प्रश्नाचा शेवटचा शब्द समोर बघून. तिसऱ्या आठवड्यात ऐकण्याचा सराव : कुणी दोन मिनिटं बोलत असेल तर मोबाईल पालथा ठेवायचा, नजर चेहऱ्यावर, मधे मधे सोडायची, मान हलवायची. मुलाखत त्याआधीच आली असेल तर फक्त दुसरा आठवडा करा, त्याचा फायदा लगेच दिसतो.

छाती धडधडते, कान गरम होतात, असं होत असेल तर भुवयांच्या मधे बघा आणि नजर देताना श्वास सोडा. श्वास धरून बघितलं की डोळे ताठ होतात आणि तेच समोरच्याला रोखल्यासारखं दिसतं. ओळखीच्या माणसांपासून सुरुवात करा, त्यातही ज्याच्याशी रोज हसून बोलता त्याच्यापासून. एखाद्या दिवशी जमलं नाही तर त्या दिवशी मोठ्या माणसांशी पुन्हा प्रयत्न करू नका, दुसऱ्या दिवशी दुधवाल्यापासून परत सुरू करा.